'ओन्ली' आणि 'च' : इंग्रजी क्रियाविशेषणांच्या पाठाचे परीक्षण

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय ग्रंथांत क्रियाविशेषणाचे प्रकरण सर्वांत सोपे मानले जाते. नामाला लिंग आणि वचन आहे, क्रियापदाला काळांचा पसारा आहे, शब्दयोगी अव्ययांना त्यांचा लहरी स्वभाव आहे. क्रियाविशेषण मात्र बिचारे अविकारी. ते बदलत नाही, म्हणून ते छळत नाही, अशी समजूत आहे. शिक्षक एका तासात व्याख्या सांगतात, विशेषणांना 'ली' प्रत्यय लावून दहा शब्द करवून घेतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. परंतु इंग्रजी शिकलेल्या आपल्या लोकांच्या लेखनात जे दोष पदवीनंतरही टिकून राहतात, ते तपासून पाहिले तर त्यांतील पुष्कळ ह्याच 'सोप्या' प्रकरणातून आलेले आढळतात. अवघड म्हणून ज्याचा अभ्यास केला ते साधले, आणि सोपे म्हणून जे सोडून दिले ते जन्मभर नडले, असा हा प्रकार आहे.

ह्या प्रकरणाचे परीक्षण करावे असे आम्हांस वाटते. परीक्षणासाठी आम्ही रेन आणि मार्टिन ह्यांचा सुप्रसिद्ध व्याकरणग्रंथ समोर ठेवला आहे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात निघालेला आणि पुढे सुधारून वाढविलेला हा ग्रंथ आजही बेळगावपासून ग्वाल्हेरपर्यंतच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर दिसतो. जुन्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटले. तिच्या पुढच्या पिढ्यांनी रेन-मार्टिनवर. ग्रंथाची योग्यता आम्ही नाकारीत नाही. त्याची उदाहरणे विपुल आहेत, अभ्यास नेटके आहेत आणि भाषा स्वच्छ आहे. आमचा आक्षेप एवढाच की, हा ग्रंथ क्रियाविशेषण म्हणजे काय ते सांगतो, त्याचे प्रकार सांगतो; परंतु मराठी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला ते जेथे खरोखर अडते, तेथे तो हात धरीत नाही.

प्रथम व्याख्येकडे पाहू. क्रियापद, विशेषण किंवा दुसरे क्रियाविशेषण ह्यांच्या अर्थात भर घालणारा शब्द तो क्रियाविशेषण, ही व्याख्या रेन-मार्टिनपूर्वीही प्रचलित होती व आजही आहे. ह्या व्याख्येचे मूळ इंग्रजीत नाही. शब्दांच्या आठ जाती सांगणारी परंपरा ग्रीकांची. ती दिओनिसिओस थ्राक्स ह्या वैयाकरणाच्या नावाशी जोडली जाते. क्रियापदाला धरून येणाऱ्या शब्दाला ग्रीकांनी जे नाव दिले, त्याचे शब्दशः भाषांतर करून रोमन पंडितांनी 'अद्वेर्बिउम' हा शब्द घडविला, आणि त्यावरून इंग्रजीचा 'ऍडव्हर्ब' आला. लॅटिनमधील 'वेर्बुम' ह्या शब्दाचा अर्थ क्रियापद असाही होतो आणि नुसता शब्द असाही होतो. म्हणजे नावातच संदिग्धता आहे: हा क्रियापदाचा सोबती, की कोणत्याही शब्दाचा? व्यवहारात झाले असे की, ज्या शब्दाला दुसऱ्या कोणत्याही जातीत बसविता येईना तो ह्या जातीत टाकण्यात आला. 'आता', 'येथे', 'फार', 'नाही', 'कदाचित्', 'हळू', 'म्हणून' ह्या अर्थांचे इंग्रजी शब्द एकाच कोठडीत नांदू लागले. घरात जशी एक अडगळीची खोली असते, तशी ही व्याकरणातली अडगळीची खोली होय.

आपल्या प्राचीन शास्त्राने अशी खोली ठेवली नव्हती. यास्काने निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग मानले. संस्कृत वैयाकरणांना क्रियाविशेषण ठाऊक होते, पण ती त्यांच्या मते शब्दाची स्वतंत्र जात नव्हे. नपुंसकलिंगी द्वितीयेच्या एकवचनात येऊन जे पद क्रियेचा विशेष दाखविते, ते त्या वाक्यापुरते क्रियाविशेषण. अर्थात् क्रियाविशेषण हे पदाचे कार्य आहे, त्याची जात नव्हे, हा विचार तेथे होता.

मराठीत हा वर्ग 'जात' म्हणून रूढ झाला तो पाश्चात्त्य वळणाने. इकडच्या भाषांना लॅटिनच्या मापाने मोजण्याचे काम गोमंतकात फार आधी सुरू झाले होते. थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज पाद्र्याने पोर्तुगीजमधून लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली राशोल येथे छापले गेले. मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत आठ जातींची जी मांडणी आपण शाळेत पाठ केली, ती इंग्रजी व्याकरणाच्या आठ जातींशी एकास एक जुळते. पुढे मोरो केशव दामले ह्यांनी १९११ च्या आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त पूर्वसूरींची मांडणी कसून तपासली, तरी शाळेतील आठ खाने कायम राहिले. ह्याचा परिणाम असा झाला की, मराठी मुलाला 'ऍडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण' असे सांगितले म्हणजे समजाविण्याचे सर्व काम संपले असे वाटू लागले. एका भाषेचा अंगरखा दुसरीला घातला आणि मग दोघी सारख्याच दिसतात म्हणून समाधान मानले!

दोघी सारख्या नाहीत. तीन ठिकाणी त्या स्पष्टपणे वेगळ्या होतात: घडणीत, क्रमात आणि स्थानात. पहिल्या दोन गोष्टी थोडक्यात सांगून आम्ही तिसरीकडे वळणार आहोत, कारण खरी अडचण तिच्यात आहे.

घडणीचा विचार करताना 'ली' प्रत्ययाचे मूळ पाहण्यासारखे आहे. प्राचीन इंग्रजीत ज्या शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ देह, आकार असा होता. 'शूरपणे' म्हणावयाचे तर इंग्रज जणू 'शूराच्या देहाने' असे म्हणतो. पोर्तुगीज जाणणाऱ्या गोमंतकीय वाचकांस ह्याच्या उलट दुसरे उदाहरण आठवेल. त्या भाषेत क्रियाविशेषणाचा प्रत्यय 'मेंत' हा लॅटिनमधील मन ह्या अर्थाच्या शब्दापासून आला, आणि तो शब्द आपल्या 'मनस्' चाच दूरचा भाऊ होय. दोन क्रियाविशेषणे एकापुढे एक आली तर पोर्तुगीज हा प्रत्यय फक्त शेवटच्याला लावतो. 'हळू आणि स्पष्ट मनाने' असे म्हटल्यासारखे. एकाने देह धरला, दुसऱ्याने मन धरले. मराठी 'मनापासून', 'मनोभावे' असे शब्द योजते, पण तिचा भर एका प्रत्ययावर नाही. 'आनंदाने' येथे तृतीया आहे, 'श्रद्धापूर्वक' येथे समास आहे, 'हळूहळू', 'पटापट' येथे द्विरुक्ती आहे, 'रडतरडत' येथे धातुसाधित आहे. इतकेच नव्हे, तर पुष्कळदा क्रियेचा विशेष मराठी क्रियापदाच्याच पोटात घालते: 'खाल्ले' आणि 'खाऊन टाकले', 'बोलला' आणि 'बोलून बसला', ह्यांतील फरक इंग्रजीत दाखवायचा तर एखादे क्रियाविशेषण शोधावे लागते.

त्यातही एक गोष्ट शालेय ग्रंथांनी अजिबात लक्षात घेतलेली नाही. मराठीत रीत दाखविणारा शब्द कर्त्याप्रमाणे किंवा कर्माप्रमाणे रूप बदलतो. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते', 'तिने अभंग चांगला म्हटला', 'तिने आरती चांगली म्हटली'. येथे 'चांगला' हे काम करते क्रियाविशेषणाचे, पण वेष धारण करते विशेषणाचा. म्हणून आपली मुलगी 'शी सिंग्ज गुड' असे लिहिते, तेव्हा ती बेसावध नसते. ती आपल्या मातृभाषेचा नियम निष्ठेने पाळीत असते. तिची वही लाल शाईने भरण्यापूर्वी शिक्षकाने हा फरक एकदा फळ्यावर मांडून दाखविला, तर तीच चूक पुन्हा होणार नाही.

'ली' वर फाजील विश्वास ठेवल्याने दुसऱ्या टोकाच्या चुका होतात. 'फ्रेंडली', 'लोन्ली', 'लव्हली' हे शब्द 'ली' ने संपूनही विशेषणे आहेत. 'फास्ट' आणि 'हार्ड' हे शब्द 'ली' न घेताच क्रियाविशेषणे होतात. 'लेट' म्हणजे उशिरा, पण 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'निअर' म्हणजे जवळ, 'निअर्ली' म्हणजे जवळजवळ. आणि ह्या सर्वांत घातक जोडी 'हार्ड' व 'हार्डली' ही. एखाद्या विद्यार्थ्याला शिफारसपत्र देताना, तो कष्टाने अभ्यास करतो असे सांगण्याच्या सद्हेतूने गुरुजींनी 'ही स्टडीज हार्डली' असे लिहिले, तर त्याचा अर्थ होतो की हा मुलगा अभ्यास जवळजवळ करीतच नाही. पत्र वाचणारा गुरुजींचा हेतू पाहत नाही. तो शब्द पाहतो.

आता क्रम. मराठी वाक्यात सामान्यतः आधी काळ, मग स्थळ, मग रीत आणि शेवटी क्रियापद येते: 'ते काल देवळात मनापासून गायले'. इंग्रजीत हाच क्रम आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटतो. क्रियापद पुढे, मग रीत, मग स्थळ आणि शेवटी काळ. दोन्ही भाषांत रीत ही क्रियापदाच्या सर्वांत जवळ आणि काळ सर्वांत दूर. फक्त दिशा वेगळी. एवढे एक सूत्र सांगितले तर पुस्तकातील अनेक नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. परंतु ह्याला एक अपवाद आहे, आणि तोही सकारण आहे. मराठीत 'तो इंग्रजी चांगले बोलतो' ह्या वाक्यात 'चांगले' हे कर्म आणि क्रियापद ह्यांच्या मध्ये बसते. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म ह्यांच्या मध्ये सहसा कोणी शिरत नाही. म्हणून 'ही स्पीक्स वेल इंग्लिश' हे चुकते आणि 'ही स्पीक्स इंग्लिश वेल' हे बरोबर ठरते. मराठीत क्रियापदाला खेटून बसण्याची मुभा असलेल्या पाहुण्याला इंग्रजीत कर्माच्या पलीकडे पाट मांडावा लागतो. हे कारण कळले म्हणजे नियम लक्षात राहतो.

ह्यानंतर मुख्य विषय, स्थान. इंग्रजीत विभक्तिप्रत्यय जवळजवळ झडून गेले आहेत. त्यामुळे कोणता शब्द कोणाचा, हे त्या भाषेला जागेवरून आणि उच्चारातील आघातावरून सांगावे लागते. 'नॅचरली' हा शब्द घ्या. वाक्याच्या आरंभी स्वल्पविराम देऊन तो ठेवला तर 'तो बोलला, हे स्वाभाविकच होते' असा अर्थ होतो. वाक्याच्या शेवटी ठेवला तर 'तो सहजपणे, कृत्रिमता न आणता बोलला' असा होतो. पहिल्या ठिकाणी बोलणारा आपला अभिप्राय देतो. दुसऱ्या ठिकाणी तो क्रियेचे वर्णन करतो. 'हॅपिली' चेही तसेच. 'तो सुदैवाने मेला नाही' आणि 'तो सुखाने मेला नाही' ह्या दोन वाक्यांमध्ये जीवनमरणाचे अंतर आहे, आणि इंग्रजीत ते अंतर एका शब्दाच्या जागेवर आणि एका स्वल्पविरामावर अवलंबून आहे. रेन-मार्टिन एका टीपेत सांगतात की क्रियाविशेषण कधीकधी सबंध वाक्याशी संबद्ध असते. टीप अचूक आहे. पण जी गोष्ट प्रकरणाचा कणा व्हावयास हवी, ती येथे टीपेत पडली आहे. क्वर्क आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या बृहद्व्याकरणात ह्या शब्दांचे वर्गीकरण ते वाक्यात काय काम करतात ह्यावरून केले, आणि हडल्स्टन व पुलम ह्यांनी २००२ साली 'येथे', 'आता' अशा अर्थांचे शब्द ह्या वर्गातून काढून वेगळे बसविले. शाळेच्या पुस्तकापर्यंत त्याचे वारे अद्याप फारसे पोहोचलेले नाही.

स्थानाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो 'ओन्ली' ह्या एका शब्दात. आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. 'आमच्या देवळात सोमवारी पालखी निघते' हे वाक्य पाहा. त्यात 'च' हे एक अक्षर फिरवीत न्या. 'आमच्याच देवळात सोमवारी पालखी निघते': दुसऱ्या देवळांत ती निघत नाही. 'आमच्या देवळात सोमवारीच पालखी निघते': इतर वारी नाही. 'आमच्या देवळात सोमवारी पालखीच निघते': रथ वगैरे नाही. 'आमच्या देवळात सोमवारी पालखी निघतेच': कधी चुकत नाही. एका अक्षराने चार अर्थ, आणि चारही अगदी निःसंदिग्ध. कारण 'च' ज्याचा असतो त्याला चिकटूनच राहतो. तो कोणाचा हे शोधावे लागत नाही.

इंग्रजीत ह्याच गोष्टीसाठी 'ओन्ली' हा सुटा शब्द आहे, आणि बोलण्यात तो बहुधा क्रियापदाच्या आधी येऊन बसतो. मग तो सोमवाराचा असो, पालखीचा असो की देवळाचा. बोलणारा ज्या शब्दावर आघात देईल, 'ओन्ली' त्याचा. कानाला हे कळते. कागदाला कळत नाही. रेन-मार्टिनांनी स्थानविषयक प्रकरणात नेमके हेच सांगितले आहे: 'ओन्ली' ज्या शब्दाशी संबद्ध असेल त्याच्या लगेच आधी तो ठेवावा, बोलण्यात मात्र तो क्रियापदाआधी येतो आणि आघाताने अर्थ कळतो. सूचना शुद्ध आहे. इंग्रजांमध्येही ह्यावर वाद झाले आहेत. फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात, 'ओन्ली' ची जागा बदलल्यावाचून अर्थ कळत असेल तर हटवादीपणा करू नये, अशी बाजू घेतली. परंतु फाउलर ज्यांच्यासाठी लिहीत होता, त्यांच्या कानात इंग्रजीचा आघात जन्मापासून होता. आपल्या मुलाच्या कानात तो नाही. त्याच्यासाठी सैल नियम हा सोयीचा नियम नव्हे. देवस्थानच्या सूचनाफलकावर, न्यासाच्या ठरावात किंवा न्यायालयातील अर्जात 'ओन्ली' चुकीच्या जागी पडला, तर त्याला आघाताची मदत मिळत नाही.

इथपर्यंतचा दोष अपुरेपणाचा आहे. पण ह्याहून खोल जाणारी एक गोष्ट त्या पुस्तकात मुळीच नाही, आणि ती आपल्याकडे तेराशे वर्षांपूर्वी सांगून झाली आहे. 'एव' ह्या निपाताचा अर्थ तो वाक्यात कोणाला लागला ह्यावरून तीन प्रकारचा होतो, हे विवेचन सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती ह्याने केले आणि पुढे नैयायिकांनीही ते स्वीकारले. 'पार्थच धनुर्धर' असे म्हटले म्हणजे तसे धनुर्धरत्व इतरांत नाही असा अर्थ. इतरांशी संबंध तोडला, म्हणून हा अन्ययोगव्यवच्छेद. 'शंख पांढराच' म्हटले म्हणजे पांढरेपणा दुसऱ्या कशात नाही असे कोणी म्हणत नाही. शंखात पांढरेपणा नसतो ही शक्यता तेवढी नाकारली, म्हणून हा अयोगव्यवच्छेद. आणि 'कमळ निळे असतेच' म्हटले म्हणजे सगळी कमळे निळी असतात असेही नाही. निळे कमळ मुळीच नसते ही कल्पना खोडून काढली, म्हणून हा अत्यंतायोगव्यवच्छेद.

हे तीन अर्थ हाती धरून इंग्रजीकडे पाहिले की, एक गोष्ट लख्ख दिसते. आपला 'च' ही तिन्ही कामे करतो. इंग्रजीचा 'ओन्ली' ह्यांपैकी पहिलेच काम करतो: इतरांस वगळण्याचे. 'शंख पांढराच' ह्याला इंग्रजीत 'ऑल्वेज' किंवा तत्सम शब्द लागेल. 'असतेच' ह्याला 'डज' हे सहायक क्रियापद आघातासह किंवा 'इन्डीड' असा शब्द लागेल. तेथे 'ओन्ली' घातला तर शंख फक्त पांढरा आहे, दुसरे काही नाही, असे काही विचित्र निष्पन्न होईल. पालखीच्या चार वाक्यांतही पहिल्या तिहींस 'ओन्ली' चालेल, चौथ्यास मुळीच चालणार नाही.

आपल्या लोकांच्या इंग्रजीतील ज्या लकबीची परके गंमत करतात, तिचे मूळ येथे आहे. 'आय ऍम हिअर ओन्ली', 'ही केम टुडे ओन्ली' अशी वाक्ये बेळगावात ऐकू येतात तशी हैदराबादेतही. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. मराठी 'इथेच' म्हणते, कोकणी 'हांगाच' म्हणते. इंदूर-ग्वाल्हेरच्या कानावर हिंदीचा 'ही' आहे, वडोदऱ्याच्या कानावर गुजरातीचा 'ज' आहे, कन्नड आणि तेलुगु ह्या दोहोंत शब्दाच्या शेवटी येणारा 'ए' आहे. हैदराबादच्या दखनीने तर आपला 'च' च 'इच' करून घेतला आहे. ह्या सर्व भाषांत अवधारणाचा शब्द मागे चिकटतो. म्हणून आपला माणूस 'इथेच' चे रूपांतर करताना 'हिअर' च्या मागे 'ओन्ली' लावतो. 'मी इथेच आहे, कुठे गेलो नाही' असा धीर त्याला द्यायचा असतो. इंग्रजाला ऐकू येते ते 'मी येथे तेवढा आहे' असे काहीतरी. त्याला हवा होता 'राइट हिअर'. ही लकब हास्यास्पद आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यामागे एक संपूर्ण व्याकरण उभे आहे. पण ते व्याकरण इंग्रजीचे नव्हे, हे मुलाला सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्याची कुवत फक्त दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकात आहे.

कोणी म्हणेल, एका अव्ययाच्या जागेवरून एवढा काथ्याकूट कशाला? उत्तरादाखल एकच उदाहरण देतो. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांस मुखोद्गत आहे. लोकमान्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात त्याच्या चार चरणांस कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटले आहे. त्याच्या पहिल्या चरणात 'एव' आहे, आणि तो 'कर्म' ह्या शब्दाच्या सप्तमीला जोडलेला आहे. अधिकार कशावर? कर्मावरच. कोणास वगळले, हे पुढचाच चरण फळाचा निषेध करून सांगतो. हा अन्ययोगव्यवच्छेद, म्हणून येथे 'ओन्ली' किंवा 'अलोन' योग्यच. पण तो ठेवायचा कोठे? बोलीच्या सवयीने 'यू ओन्ली हॅव अ राइट टु ऍक्शन' असे कोणी लिहिले, तर कागदावर त्याचा अर्थ 'तुला कर्माचा नुसता हक्क आहे' असा घेता येतो. म्हणजे वाटले तर करावे, न वाटले तर सोडावे! ज्या श्लोकाचा शेवट अकर्माचा आग्रह धरू नये असे बजावून होतो, त्याच्या आरंभी ही सवलत शिरली. 'ओन्ली' आणखी थोडा सरकवून 'यू' च्या आधी नेला, तर अधिकार एकट्या अर्जुनाचा होतो आणि बाकीचे जग सुटते. 'टु ऍक्शन अलोन' असे लिहिले म्हणजे शब्द आपल्या जागी बसतो, आणि अर्थही. चार्ल्स विल्किन्सने १७८५ साली गीता प्रथम इंग्रजीत नेली. त्यानंतरच्या काळात आपल्याच कुळातील किती मुले ती इंग्रजीतूनच प्रथम वाचतात, हे आपण घरोघर पाहतो. देवळातील पाठशाळेत तिचा अर्थ इंग्रजीतून सांगण्याची वेळ उद्या आपल्यावरच येणार आहे. तेव्हा 'एव' कोणाचा हे ज्याला कळते त्यालाच 'ओन्ली' कोठे ठेवावा हे कळेल. आणि ज्याला 'ओन्ली' ची जागा कळत नाही, त्याच्या हातून श्लोकाचा अर्थ बिघडेल, मग त्याची श्रद्धा कितीही अढळ असो.

ह्या परीक्षणाचा निष्कर्ष असा. रेन-मार्टिनांचा ग्रंथ टाकून द्यावा असे आम्ही सुचवीत नाही. त्याने इंग्रजीच्या बाजूने जे सांगितले ते बहुतांशी बरोबर आहे. उणीव आपल्या बाजूची आहे. मराठी आणि कोकणी मुलासाठी क्रियाविशेषणाचे प्रकरण आपणच नव्याने लिहावयास हवे. त्याचा आरंभ व्याख्येने होऊ नये, एका प्रश्नाने व्हावा: वाक्यातला हा शब्द कोणाचा? क्रियेचा, गुणाचा, सबंध वाक्याचा, की बोलणाऱ्याच्या मनाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर मुलाला मातृभाषेत आधीच येत असते, कारण 'च' कोठे लावायचा हे त्याला पाचव्या वर्षीच कळते. मग दुसरा प्रश्न: तेच नाते इंग्रजी कशाने दाखविते? प्रत्ययाने, जागेने, की वेगळ्याच शब्दाने? ह्या दोन प्रश्नांच्या मध्ये सारे प्रकरण बसते, आणि दहा दहा शब्दांना 'ली' लावण्याचा जाच उरत नाही.

परकी भाषा शिकताना आपली भाषा विसरावी लागते, अशी एक समजूत आपल्या शाळांत बळावली आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून मराठीचा वा कोकणीचा एकही शब्द उच्चारू न देणारे शिक्षक ह्याच समजुतीचे बळी होत. प्रस्तुत विषयापुरते तरी सत्य ह्याच्या उलट आहे. ज्याने 'च' नीट ओळखला त्याला 'ओन्ली' फसवू शकत नाही. ज्याला तो ओळखू दिला नाही, त्याने आठ जातींची नावे शंभर वेळा घोकली तरी तो सूचनाफलक चुकीचा रंगवील आणि श्लोकाचे भाषांतरही चुकीचे करील. आमच्या मंडळींतील जे अनुभवी शिक्षक सेवानिवृत्त होऊन देवस्थानांच्या वर्गांतून आजही विनामूल्य शिकवीत आहेत, त्यांनी हे प्रकरण हाती घ्यावे, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.